भिगवण की नांदूर मध्यमेश्वर: होडीतून की मनोऱ्यावरून?

हिवाळ्यातला एकच शनिवार-रविवार मोकळा असेल, तर पक्षी पाहायला कुठे जायचं? पक्ष्यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून हे ठरत नाही, कारण त्या बऱ्याचशा सारख्याच निघतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचा, मोर शराटी, वारकरी (कूट) पक्ष्यांचे थवे आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या, सगळे दोन्हीकडे. खरा फरक आहे तो तुम्ही पाहणार कुठून याचा.

भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण शंभर किलोमीटर. बहुतेक लोक कुंभारगावला किंवा डिकसळला जाऊन मच्छीमारांच्या होडीत बसतात. होडीमुळे पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतो, उन्हाकडे पाठ करून थांबता येतं, आणि साध्या दुर्बिणीतही चित्रबलाकाच्या पिसांवरचा गुलाबी रंग स्पष्ट दिसतो. फोटो हा मुख्य हेतू असेल तर इथे फार विचार करू नका, भिगवणच. लहान मुलं बरोबर असतील तरीही भिगवण. कुरव आणि सुरय डोक्यावरून जायला लागले की मुलं कंटाळत नाहीत. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी जाणार असाल तर तारखेपेक्षा धरणाची पातळी महत्त्वाची. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखलातलं बारीक खाद्य गाळून खातो. पावसाळ्यानंतर उजनी तुडुंब असते, तेव्हा त्याला उभं राहायलाच जागा नसते. शेतीला पाणी सुटत जातं, काठ उघडे पडतात आणि मग थवे दिसू लागतात. म्हणून चांगला पाऊस झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन ‘फ्लेमिंगो नाहीतच’ म्हणत परतणारे बरेच असतात. उलट, मार्चमध्ये बदकं परतीला लागली तरी रोहित असू शकतात.

भिगवणची एक गोष्ट मला खटकते. सुट्टीच्या दिवशी एकाच थव्याभोवती चार-चार होड्या जमतात, आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणीतरी नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणतं. दर वेळी उडण्यात पक्ष्याची ताकद जाते आणि खाणं थांबतं. निघतानाच ‘दादा, थवा उठवायचा नाही’ एवढं सांगून ठेवा. जवळ नेल्यावर गिऱ्हाईक खूश होतं असाच नावाड्यांचा अनुभव असतो. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

नांदूर मध्यमेश्वर हे निफाड तालुक्यातलं अभयारण्य, नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना हवी तशी जागा आपोआप तयार झाली. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच.

इथे होडी नाही. चापडगावच्या बाजूने पायवाट आणि निरीक्षण मनोरे आहेत. तिथे थांबायचं आणि पाहायचं. पक्षी लांब असतात, त्यामुळे आठ पट दुर्बीण अपुरी वाटेल. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची जास्त ताकदीची दुर्बीण) स्वतःचा नसेल तर स्थानिक गाइड घ्या. त्यांच्याकडे बहुधा असतो, आणि कोणता थवा सध्या कुठे बसतोय हेही त्यांनाच ठाऊक असतं. लांबूनच पाहत असल्यामुळे पक्षी बिचकत नाहीत. कमळपक्षी पानांवरून चालतोय, जांभळी पाणकोंबडी बोरूतून बाहेर येऊन पुन्हा आत जातेय, हे तासभर निवांत पाहता येतं. बदकांच्या माद्या ओळखायला शिकायचं असेल तर असा अभ्यास हलत्या होडीत होत नाही. रोहित इथेही येतात, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

मुक्कामाच्या बाबतीत भिगवण सोपं. कुंभारगावात घरगुती सोय होते, जेवणात उजनीचे मासे मिळतात, आणि शनिवारी दुपारी कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि धाविक पक्षी पाहायला जाता येतं (वनविभागाचं बुकिंग आधी करून). नांदूरला नाशिककर पहाटे निघून दुपारपर्यंत घरी येतात. पुण्याहून मात्र मुक्काम धरूनच निघा. आणि निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत का येतो, ते पहाटे मनोऱ्यावर कळतं. कानटोपी आणि हातमोजे घ्या.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत भिगवण करावं, आणि चार-सहा बदकं नावानिशी ओळखता यायला लागली की नांदूर. भिगवण ठरलं तर निघण्याच्या दोन दिवस आधी नावाड्याला फोन करून ‘रोहित आहेत का’ याऐवजी ‘पाणी किती उतरलंय’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘आहेत की’ असंच येतं.