जी-फ्लेक्स ६५०: गळक्या अ‍ॅल्युमिनियम होडीवर कितपत चालतं?

रिवेट मारलेली जुनी अ‍ॅल्युमिनियम होडी गळतेच, आज नाहीतर उद्या. मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओकडे ट्रेलरसकट स्वस्तात मिळणाऱ्या चौदा फुटी होड्यांपैकी बऱ्याच याच कारणाने विकायला निघालेल्या असतात. आपल्याकडच्या माणसाचा हात अशा वेळी सवयीने एम-सीलकडे जातो. पिंपाला, पाइपाला ते ठीक आहे. होडीचा तळ मात्र प्रत्येक लाटेला आत-बाहेर लवतो. कडक पुटी त्याच्यासोबत लवत नाही, काठाने सुटते आणि एक दिवस खपलीसारखी निघून हातात येते. कोकणातल्या लाकडी होडीच्या फटीत कापूस ठासला की लाकूड पाण्याने फुगून उरलेली फट स्वतःच आवळतं. पत्रा फुगत नाही. फट भरणाऱ्या मालालाच पत्र्याबरोबर लवावं लागतं.

वेस्ट सिस्टिमचं जी-फ्लेक्स ६५० हे लवचीक इपॉक्सी या कामासाठी घ्यावं की नाही, एवढाच इथला प्रश्न. उत्तर आधीच देतो: सांध्यातून आणि रिवेटच्या डोक्याखालून पाझरणाऱ्या पाण्यासाठी जरूर घ्या. गंजून चाळण झालेल्या पत्र्यासाठी किंवा तळाला आतून आधार देणाऱ्या, तडा गेलेल्या आडव्या पट्ट्यांसाठी घेऊ नका.

माल म्हणजे दोन बाटल्या, रेझिन आणि हार्डनर. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गुजन ब्रदर्स कंपनीचा. प्रमाण मापाने १:१, आणि हाच याचा मोठा गुण. साध्या इपॉक्सीच्या ५:१ प्रमाणात थंडीत कुडकुडत माप चुकतं आणि मग महिनाभर चिकट राहिलेला थर खरवडत बसावं लागतं. इथे दोन सारख्या रेघा भरल्या की झालं. २२ अंश सेल्सियसला भांड्यात साधारण ४६ मिनिटं टिकतं, पातळ थरात पसरलं तर सव्वा तास हाताळता येतं. ७ ते १० तासांनी घासण्याजोगं होतं, पूर्ण भार २४ तासांनंतर. साडेचार अंशापर्यंतच्या थंडीतही आळतं, त्यामुळे एप्रिलमध्ये गॅरेजात काम काढता येतं. आळल्यावर ते तुटण्याआधी ३० टक्क्यांहून जास्त ताणलं जातं. सगळी किंमत या ताणाची आहे. साध्या इपॉक्सीपेक्षा महाग पडतं, म्हणून अख्खा तळ रंगवायला नव्हे, नेमक्या जागी वापरायला.

किती लागेल? चौदा फुटी होडीचा एक लांब सांधा सुमारे ४.२ मीटर. २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टा धरला तर १०५ मिलिलिटर. रिवेटच्या डोक्यावर २० मिलिमीटरचा ठिपका दिला तर शंभर रिवेटना ३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाटल्या मिळून ८ औंसांचा, २३६ मिलिलिटरचा संच एका सांध्याला आणि शंभर-दीडशे रिवेटना पुरतो, ब्रशला आणि डब्याला चिकटून वाया जाणारं धरूनही.

गळती कुठे आहे हे न शोधता डबा उघडणाऱ्याचे पैसे वाया जातात. होडी ट्रेलरवरच ठेवा, ड्रेन प्लग घट्ट करा आणि आत पाणी भरा. सपाट तळाच्या होडीत ५ सेंटिमीटर पाणी म्हणजेच १९० किलोच्या आसपास वजन होतं, त्यामुळे ट्रेलरची क्षमता बघूनच भरा आणि काठोकाठ भरायच्या भानगडीत पडू नका. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले की ते बारीक फटीतही शिरतं. मग पाठीवर झोपून खालून बघायचं. इथे एक फसगत होते: थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी सांध्याच्या कडेने सरकत खालच्या टोकाला जाऊन ठिबकतं. कोरड्या फडक्याने पुसा, एक मिनिट थांबा आणि पहिला ओला ठिपका कुठे उगवतो तिथे मार्करने गोल करा. काही रिवेटच्या डोक्याभोवती चंद्रकोरीसारखी काळपट राखाडी रेघ दिसेल. तो सैल रिवेट पत्र्यावर घासून पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा. पाणी आज येत नसलं तरी त्यालाही गोल करा.

आता जी-फ्लेक्स बाजूला ठेवून हातोडा. हलणाऱ्या रिवेटवर कुठलंही इपॉक्सी टिकत नाही, हेही टिकणार नाही. एकाने आतून रिवेटच्या ठेचलेल्या टोकावर दोनेक किलोचा पोलादी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर रिवेट सेट (डोक्यावर बसणारा खोलगट पोलादी पंच) लावून दोन-तीन ठोके द्यायचे. तेवढेच. जोर जास्त झाला तर भोवतालचा पत्रा दबतो, भोक वाढतं आणि शेजारचे दोन रिवेट सैल होतात. ठोकूनही बोटाने फिरणारा रिवेट ड्रिलने डोकं काढून बदला. ४.८ मिलिमीटर व्यासाच्या भरीव रिवेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट, १.६ मिलिमीटरचे दोन पत्रे असतील तर १०.४. ठेचल्यावर टोक व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच राहिलं पाहिजे. एकटे असाल आणि पॉप रिवेटच (एकाच बाजूने, खिळा ओढून बसणारा पोकळ रिवेट) वापरायचा असेल तर बंद टोकाचा घ्या. साध्या पॉप रिवेटच्या मधल्या भोकातून पाणी येतं, आणि आतला पोलादी खिळा गंजतो तो वेगळाच.

मग तयारी. जी-फ्लेक्सबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. अ‍ॅल्युमिनियम घासून चकचकीत केलं की हवेतल्या ऑक्सिजनशी लागलीच ऑक्साइडचा थर धरतं. सकाळी घासून दुपारी लावलं तर तुम्ही इपॉक्सी धातूला नाही, त्या थराला चिकटवलेलं असतं. क्रम असा: आधी अ‍ॅसिटोनने तेल-मेण पुसा, कारण आधी घासलं तर तेच ओरखड्यांत भरलं जातं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा स्टेनलेसच्या ताराच्या ब्रशने घासा. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि गंजाचे ठिपके उठतात. धूळ पुसा, लगेच इपॉक्सीचा पातळ हात द्या, आणि ते ओलं असतानाच त्यातूनच पुन्हा घासा. हवेचा संबंध न येता ताजा धातू इपॉक्सीखाली उघडा पडतो. उत्पादकाचाही सल्ला हाच आहे. हातमोज्यांचा आणि पेपरचा सत्यानाश होतो, होऊ द्या. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांच्यासाठी कंपनीचाच ८६० नंबरचा आम्लाचा संच मिळतो. मोठ्या पॅचला वापरा, रिवेटच्या ठिपक्यांसाठी गरज नाही.

जुनं सिलिकॉन दिसलं तर मात्र थांबा. सिलिकॉनच्या उरलेल्या पुसट थरावर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ब्लेडने खरवडून, घासून, पाण्याचा थेंब टाकून बघा: थेंब पसरला तर पत्रा साफ, मोत्यासारखा गोल बसला तर पुन्हा घासा.

लावताना हीट गनचा उपयोग करा, पण आधी. सांधा हाताला चांगला गरम लागेल इतका तापवा, गन बंद करा आणि मग जी-फ्लेक्स लावा. गरम पत्र्यावर मधासारखा घट्ट माल एकदम पातळ होतो, आणि पत्रा थंड होताना फटीतली हवा आकसून त्याला आत ओढते. सांध्याच्या कडेला उभी राहिलेली रेघ डोळ्यादेखत बसलेली दिसते. बसली की दुसरा हात द्यायचा. लावल्यानंतर तापवलं तर उलटं होतं: हवा फुगते आणि प्रत्येक रिवेटपाशी बुडबुडा येतो, तो फुटला की तिथेच भोक. अ‍ॅसिटोनचं फडकं याआधी बाहेर नेऊन ठेवा. एका वेळी ३० अधिक ३० मिलिलिटरच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. उंच कपात ते स्वतःच्या उष्णतेने लवकर आळतं.

आतून लावावं की बाहेरून, यावर वाद आहे. आतली पाय ठेवायची फळी उचलता येत असेल तर आतून, कारण बाहेरचा थर खडीवर आणि ट्रेलरच्या लाकडांवर घासून झिजतो. फळी रिवेटने कायमची बसवली असेल तर होडी उलटी करून बाहेरून. उभ्या फटीत किंवा आपल्या डोक्याच्या वर हात करून काम असेल तर ओघळणारं ६५० न घेता दाट केलेलं ६५५ घ्या, फक्त ते फटीत झिरपत नाही हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग मेणचट लागला तर साध्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर रंग सोलपटतो. आणि रंग द्यायचाच, कारण उन्हाने इपॉक्सी पिवळं पडून कमजोर होतं. तळाला शेवाळरोधक रंग देणार असाल तर तांबं असलेला नको. तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं.

होडीच्या मागच्या उभ्या फळीजवळ (जिथे इंजिन अडकवतात) सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर संशय तिथल्या प्लायवूडवर घ्या. २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराचं लाकूड कुजू नये म्हणून आर्सेनिकऐवजी तांब्याचा भर असलेल्या प्रक्रिया आल्या. असं प्लायवूड ओलं होऊन पत्र्याला टेकलं की पत्रा आतून पोखरला जातो. जी-फ्लेक्स लावून एक हंगाम निघेल, पण प्लायवूड तेच ठेवलं तर भोकं शेजारी उगवतील. कापलेला पत्रा किंवा तुटलेला पट्टा टिग वेल्डिंगवाल्याकडे न्या.

पर्याय विचाराल तर शेकडो रिवेट एकाच वेळी पाझरत असतील तेव्हा ग्लूव्हिट बरं. तेही दोन भागांचंच इपॉक्सी आहे आणि ब्रशने आतला सगळा तळ रंगवता येतो. थ्रीएमचं ५२०० हे चिकट सीलंट नवा रिवेट बुडवून बसवायला उत्तम, पण आळायला ५ ते ७ दिवस घेतं आणि पुढे कधी काही उघडायचं ठरलं तर रडवतं. टीव्हीवरच्या जाहिरातीतली काळी टेप तळ्यातून किनाऱ्याला परत येण्यापुरती.

जी-फ्लेक्सच्या बाटल्या अर्ध्या उरतातच. बंद करताना टोपणांची अदलाबदल करू नका. रेझिनचं टोपण हार्डनरवर गेलं की ते तिथेच कायमचं बसतं आणि पुढच्या वर्षी बाटली कापावी लागते.