केटी लागल्यावर: स्वतःला झोडपायचं की सावरायचं?

वाशी-नेरुळच्या कॉलेजांत निकालात केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की काही मुलं स्वतःलाच झोडपू लागतात. ‘सगळ्यांना जमतं, मलाच नाही.’ ही भीती थोडे दिवस अभ्यासाला पळवते खरी, पण पुढे चुकायच्या धास्तीने असाइनमेंटला हातच लागत नाही, झोप उडते आणि ठाण्याहून येणाऱ्या मैत्रिणीचा फोनही टाळला जातो.

दुसरी वाट आत्मकरुणेची. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन घटक मांडले: स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता पाहणं.

‘अशाने पोरं आळशी होतील’ हे पालकांचं म्हणणं मला पटत नाही. २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन या संशोधकांचे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले प्रयोग प्रसिद्ध झाले. अवघड चाचणीनंतर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःला समजून घ्यायला सुचवलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास जास्त वेळ केला! म्हणून माझं मत ठामपणे दुसऱ्या वाटेला. ध्येय मोठंच ठेवा, फक्त मार्कांवर स्वतःची किंमत ठरवू नका.

जेवण-झोप बिघडली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.