पलटलेली फोर-बाय-फोर: दुरुस्त करायची की टोटल लॉसला द्यायची?

एक गाडी तिरक्या उतारावर कुशीवर लवंडलेली, दुसरी चरात तोंडावर आपटलेली. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर बहुतेक जण पहिलीलाच भंगारात काढतील. तिच्या एका बाजूचे सगळे दरवाजे चेपलेत, आरसा गायब आहे, काचांचा चुरा झालाय. दुसरीचा नुसता बंपर फाटलाय आणि बॉनेट जरासं उचललंय. वर्कशॉपच्या लिफ्टवर चढल्यावर मात्र निकाल बऱ्याचदा उलटा लागतो. मावळ-मुळशीच्या डोंगरात किंवा ताम्हिणीच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर थार, जिम्नी, गुरखा अशी पडली असेल आणि दुरुस्त करायची की टोटल लॉसला द्यायची, म्हणजे दुरुस्ती सोडून विम्याची रक्कम घ्यायची, हे ठरत नसेल, तर आधी दोन प्रश्न वेगळे करा. गाडी दुरुस्त होईल का, हे चासी सांगते. दुरुस्त करावी का, हे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सांगते. गॅरेजवाला या दोन्हींचं एकच उत्तर देतो, कारण त्याला काम हवं असतं.

कुशीवर पडलेली आणि तोंडावर आपटलेली

थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, जुनी जिप्सी या सगळ्या लॅडर फ्रेमच्या गाड्या. खाली पोलादी चासी आणि तिच्यावर रबरी माउंटवर बसवलेली बॉडी. कमी वेगात गाडी कुशीवर पडली तर मार मुख्यतः पत्र्याला बसतो. दरवाजे, फेंडर, काचा, पायदान हे सगळं बदलता येतं, आणि चासी बहुधा सरळच राहते. डस्टर किंवा क्रेटासारख्या मोनोकॉक गाडीत ही सोय नाही. तिथे बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे मधला पिलर किंवा दरवाजाखालची पट्टी आत गेली की मामला गंभीर.

कुशीवर पडलेल्या गाडीत खरी भीती इंजिनाची. गाडी आडवी असताना ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. सरळ केल्या केल्या कुणीतरी उत्साहात चावी फिरवतो. ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पत्र्याच्या खर्चात इंजिनाचा खर्च मिसळतो. डिझेल इंजिन तर इनटेकमधल्या ऑइलवरच बेफाम पळू शकतं. पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाहिल्याशिवाय स्टार्टर मारू नका. यात पैशाचाही मुद्दा आहे. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीतच असते.

चरात तोंडावर आपटलेल्या गाडीचं गणित वेगळं. सव्वा टनाची जिम्नी असो की तिच्याहून बरीच जड थार, सगळं वजन चासीच्या पुढच्या दोन टोकांवर येतं. बंपरमागचा क्रॉस मेंबर, रेडिएटरचा सपोर्ट आणि स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅक जिथे बोल्ट होतो ती जागा, हे सगळं एका दणक्यात हलतं. एअरबॅग उघडल्या असतील तर खर्च नुसत्या पिशव्यांवर थांबत नाही. कंट्रोल मॉड्यूल, प्रीटेन्शनरसकट (धडकेत पट्टा आवळणारा भाग) सीटबेल्ट, पुढचे सेन्सर आणि बहुतेक वेळा डॅशबोर्डही बदलावा लागतो. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या गाडीचं एस्टिमेट फुगतं ते इथे.

पुढचं सस्पेन्शन कोणतं आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. 2020 च्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक सुटं) आणि मागे सलग एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आहे. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल. थारचा लोअर आर्म किंवा टाय रॉड वाकला तर सुटा भाग बदलून काम भागतं. मात्र आर्म चासीला जिथे धरतो तो ब्रॅकेट फाटला असेल तर तो चासीचाच प्रश्न झाला. सलग एक्सल दणकट असतो, पण त्याचं हौसिंग वाकलं तर अलायमेंटवाल्याला तिथे फिरवायला काही नसतं. अख्खं हौसिंग बदलायचं.

तिसरा प्रकार म्हणजे उतारावरून दोन-तीन पलट्या खाल्लेली गाडी. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. छताचे पिलर वाकले, विंडशिल्डची चौकट तिरकी झाली, दरवाजे आपल्या जागी बसेनासे झाले, तर अख्खी बॉडी शेल बदलावी लागते, आणि बॉडी शेलचा भाव ऐकल्यावर चर्चा आपोआप संपते.

लिफ्टवर चढवल्यावर

विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि गाडीखाली जा. चासीचा रंग कुठे ताज्या रेघांसारखा तडकलाय का, वेल्डजवळ पापुद्रे निघालेत का, बॉडी माउंटचे बोल्ट एका बाजूला ओढले गेलेत का, हे डोळ्यांना दिसतं. मग टेप घ्या. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा. चासीवरची दोन्हीकडची सारखी भोकं निवडून आडवे-तिरके कर्ण मोजा. कर्ण जुळत नसतील तर चासी पतंगासारखी तिरकी झाली आहे. अशी गाडी पुढे सरळ चालली तरी मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आणि टायर महिनोन्महिने खात राहते.

वाकलेली चासी ओढून सरळ करता येते, हे खरं. पण ते मोजमापाच्या बेंचवर, थंड अवस्थेत ओढून व्हायला हवं. गॅस कटरने तापवून ठोकलेल्या पोलादाची ताकद तिथेच कमी होते, आणि पुढच्या वेळी ते तिथेच वाकतं. नवी फ्रेम टाकायची म्हटलं तर चासी नंबर त्याच फ्रेमवर कोरलेला असतो. म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आलीच. एवढ्या उठाठेवीत पडण्याऐवजी माझं मत टोटल लॉसकडे झुकतं. त्याउलट चासी सरळ, पिलर सरळ, एअरबॅग मिटलेल्या असतील, तर गाडी कितीही भेसूर दिसो, दुरुस्त करा.

आकड्यांचा भाग

आयडीव्ही म्हणजे गाडीच्या चालू एक्स-शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा केलेली रक्कम. एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के, दोन ते तीनला 30, तीन ते चारला 40 आणि चार ते पाचला 50 टक्के. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. गाडी काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. इथे वर्कशॉपचं एस्टिमेट नव्हे, तर पॉलिसीच्या अटी लावून सर्व्हेअरने मान्य केलेला आकडा महत्त्वाचा.

समजा 15 लाख एक्स-शोरूमची डिझेल गाडी आहे आणि पॉलिसी घेताना वय दोन ते तीन वर्षांमध्ये होतं. आयडीव्ही साडेदहा लाख, 75 टक्क्यांची रेघ 7,87,500 रुपयांवर. एस्टिमेट आलं 6.2 लाख, त्यातले साडेचार लाख सुट्या भागांचे. झिरो डेप (भागांवरचा घसारा न कापण्याचं जादा कवच) नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर 50 टक्के कापतात, या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 15 टक्के. काचेवर घसारा नाही. दोन लाख प्लास्टिक-एअरबॅगचे आणि अडीच लाख पत्र्या-लोखंडाचे धरले तर तुमच्या खिशातून एक लाख अधिक 37,500 जातील. वर पंधराशे सीसीच्या पुढच्या गाडीची सक्तीची वजावट 2,000, म्हणजे 1,39,500 रुपये. रंगाच्या मटेरियलवर कापतात ते आणखी वेगळं.

हीच गाडी टोटल लॉस झाली तर भागांवरचा घसारा लागत नाही, साडेदहा लाखांतून वजावट जाऊन बाकी हातात येतात. पण तशीच नवी गाडी घ्यायला 15 लाख, वर महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीला 14 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 2.1 लाख, शिवाय विमा. 17 लाखांच्या पुढे. फोर-बाय-फोरला सेकंडहँड बाजारात मागणी चांगली असते, त्यामुळे त्याच वयाची धडधाकट गाडीही आयडीव्हीत मिळेलच असं नाही. गाडी नवी असताना रिटर्न टू इनव्हॉइस (बिलाइतकी रक्कम देणारं जादा कवच) घेतलेलं असेल तरच टोटल लॉस फायद्याचा वाटतो. कर्ज असेल तर चेक आधी बँकेकडे जातो. बाकी कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त असेल, तर गाडी गेल्यावरही वरचे हप्ते तुमच्याच गळ्यात.

म्हणून रेघेच्या बऱ्याच खाली आणि चासी शाबूत असेल तर दुरुस्ती. रेघेच्या अगदी जवळ असेल तर मी थांबेन, कारण उघडल्यावर एस्टिमेट वाढतंच. पहिल्या यादीत न दिसलेला ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) माउंट, तडकलेलं डिफरन्शियलचं हौसिंग, चिरडलेला वायरिंगचा जुडगा नंतर निघतात. गाडी पूर्ण खोलून पुरवणी एस्टिमेट येईपर्यंत दुरुस्तीला होकार देऊ नका.

भंगार स्वतःकडे ठेवायचं का?

तिसरी वाट बऱ्याच ऑफ-रोडिंगवाल्यांना भुरळ घालते. विमा कंपनी आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे देते, गाडी तुमच्याकडेच राहते आणि तुम्ही ती खासगी गॅरेजमध्ये उभी करता. भंगाराची किंमत आरसीसह लावली की आरसी रद्द धरून, हे लेखी विचारा. आरसीसह भाव जास्त, म्हणून तुमचा चेक लहान. आरसी रद्द झाली तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही, फार तर दुसऱ्या गाडीसाठी सुटे भाग देईल.

हा मार्ग एकाच परिस्थितीत पटतो: चासी सरळ आहे, तोटा बहुतांश बॉडीचा आहे आणि टोटल लॉस केवळ कंपनीच्या भागांच्या भावामुळे झालाय. एअरबॅग उघडलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र याच्या वाटेला जाऊ नका. काही गॅरेजांत रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा दिवा विझवतात, आत पिशवी नसतेच. तुम्ही कदाचित सांगून विकाल, पण पुढचा मालक सांगेलच असं नाही.

पाणी, विंच आणि स्पर्धा

ओढ्यात बुडालेली गाडी वेळेत खोलून, वाळवून, सगळी ऑइलं बदलून परत येऊ शकते. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान मात्र साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच लागतं. अलिबाग-मुरूडच्या वाळूत रुतून भरतीत सापडलेली गाडी, ती चालू झाली तरी, मी दुरुस्त करणार नाही. मीठ कनेक्टरांत आणि पत्र्याच्या शिवणीत बसतं आणि सावकाश खातं. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हाही नोंदवतात.

विंच (गाडी ओढून काढणारं दोरखंडाचं यंत्र), लाइट बार, बाहेरून बसवलेलं बंपर पॉलिसीत नोंदवलेलं नसेल तर त्याचे पैसे धरू नका. मूळ रचनेत फेरफार करायला कायद्याची मनाई आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, त्यामुळे उंच केलेलं सस्पेन्शन दाव्यात आडवं येऊ शकतं. आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल पॉलिसीतून वगळलेल्या असतात. मित्रांबरोबरची रविवारची वाट वेगळी, घड्याळ लावलेली स्पर्धा वेगळी. दावा अर्जात जागा आणि प्रसंग खराच लिहा, फोटोतला चढ काही हायवे वाटत नाही.

दरीतून गाडी काढण्याच्या खर्चाचं आधीच ठरवा. खासगी कारच्या साध्या पॉलिसीत टोइंगला 1,500 रुपयांची मर्यादा असते, आणि डोंगरातली क्रेन तेवढ्यात हलत नाही. बाकीचे पैसे तुमचे, त्यामुळे क्रेनवाल्याची पावती घ्या. काढण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. ओढताना पट्टा एक्सलला किंवा टाय रॉडला न बांधता टो पॉइंटलाच लावा, नाहीतर अपघातात वाचलेला भाग तिथे वाकतो.

टोटल लॉस ठरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. भंगार उचलणाऱ्याच्या हाती आरसी तशीच देऊ नका, त्या चासी नंबरावर चोरीची गाडी चालवणारे आहेत. फास्टॅग बंद करा, आरसी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या, आणि न नोंदवलेली विंच सर्व्हेअरला सांगून आधीच उतरवून घ्या.