पन्नाशीला काम सुटल्यावर फंडाचं पोर्टल: काय जमतं, कुठे अडतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळी एमआयडीसीत कारखाना बंद पडला, मालकाने हिशोब हातात ठेवला, की घरात पहिला विषय निघतो तो फंडाचा, म्हणजे पीएफचा. ईपीएफओचं, म्हणजे फंड चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं, सदस्य पोर्टल पैसे काढण्यापुरतं चांगलं आहे; त्या कामाला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. नोंदी दुरुस्त करायच्या कामाला मात्र दोनच. आणि पुन्हा काम शोधणाऱ्या माणसाची फंडाबरोबरची पेन्शन वाचवायला ते काहीच मदत करत नाही. ती काळजी स्वतःच घ्यावी लागते.

म्हणून लॉगिन केल्यावर थेट क्लेमच्या पानावर जाऊ नका. आधी 'व्ह्यू'मध्ये 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. यूएएन, म्हणजे काम बदललं तरी तोच राहणारा सदस्याचा नंबर, 2014 मध्ये आला. त्याआधी दोन-तीन कारखान्यांत काम केलेल्यांचे जुने पीएफ नंबर अनेकदा त्याला जोडलेलेच नसतात. मग वीस वर्षं टॉवेल कारखान्यांत काढलेल्या माणसाची सेवा पडद्यावर सात वर्षं दिसते. जुन्या पगारपत्रकावर, फंडाच्या जुन्या पावतीवर तो नंबर सापडतो. तो शोधून आधी ट्रान्सफर करून घ्या.

हे इतकं महत्त्वाचं का? पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते, आणि सहा महिने वा त्याहून जास्त असलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांना पेन्शन लागू होते. हिशोब सोपा आहे: पेन्शनयोग्य (पेन्शनसाठी धरला जाणारा) पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000 धरली तर 10 वर्षांना महिना सुमारे 2,143 रुपये, 18 वर्षांना सुमारे 3,857. रक्कम लहान वाटेल, पण वयाच्या 58 नंतर ती मरेपर्यंत येते, आणि मागे जोडीदाराला कुटुंब पेन्शन मिळते. सात वर्षं सेवा दिसणाऱ्याने फॉर्म 10सी (पेन्शनचे पैसे मागण्याचा अर्ज) भरून पेन्शनचे पैसे उचलले, तर ती सात वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्म 10सीवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा राखून ठेवणारा दाखला, मागता येतं. ते घेतलं की नव्या कामाची वर्षं पुढे जोडली जातात. सायबर कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात घाईघाईने भरलेल्या फॉर्मात हा पर्याय कोणी वाचून दाखवत नाही, म्हणून स्वतः सांगा.

आणखी एक धोका. फंड आणि पेन्शन दोन्ही उचलून खातं रिकामं केलं आणि नव्या ठिकाणी मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 च्या वर गेला, तर पेन्शन योजनेत परत शिरता येत नाही. वयाच्या 50 नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितक्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के घट, आणि ती कायमची. पुन्हा कामाला लागायचा विचार असेल तर तिला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घर चालवायला पैसे लागतातच, तेव्हा फंडातला भाग काढा. काम सुटल्यावर 75 टक्के रक्कम काढता येते. उरलेल्या 25 टक्क्यांसाठीची मुदत दोन महिन्यांवरून 12 महिन्यांवर आणि पेन्शनचे पैसे उचलण्याची मुदत 36 महिन्यांवर नेण्याचा निर्णय ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये घेतला. त्यावर बरीच नाराजी झाली, पण काम शोधणाऱ्याच्या दृष्टीने शिल्लक खात्यात राहणं वाईट नाही. 2024-25 ला व्याज 8.25 टक्के होतं.

आता दुरुस्त्या. सोलापुरात बरेच अर्ज नावावर अडतात. पूर्व भागातली तेलुगू आडनावं इंग्रजीत लिहिताना कारखान्याच्या कारकुनाने एक 'एल' घातला, आधारवर दोन आहेत. विडी कामगार बाईंचं फंडात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 ला किंवा त्यानंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख स्वतः बदलता येते. त्याआधीचा असेल तर मालकाची मंजुरी लागते. कारखाना बंद असेल तर जॉइंट डिक्लेरेशन (नोंद दुरुस्तीचा अर्ज) कागदावर भरून राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीची सही घेऊन फंड कार्यालयात द्यावं लागतं.

सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून स्वतः टाका. तारीख शेवटची वर्गणी जमा झालेल्या महिन्यातलीच हवी. चुकली तर ती सुटसुटीत बदलता येत नाही, तेव्हा पासबुक समोर ठेवूनच टाका. बँकेचं एवढंच: आंध्रा बँक, सिंडिकेट बँक 2020 मध्ये विलीन झाल्या, जुना आयएफएससी कोड असेल तर पैसे परत जातात.

नवं काम मिळालं की पहिल्याच दिवशी जुना यूएएन लिहून द्या. मालकाने नवा काढला तर दोन खाती होतात आणि सेवा पुन्हा तुटते. पहिल्या पगारानंतर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात रक्कम पडली का ते बघा; ती शून्य असेल तर त्याच महिन्यात कार्यालयात विचारा. फोनवर काम भागत नसेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला ईपीएफओचं 'निधी आपके निकट' हे तक्रारी ऐकण्याचं शिबिर असतं. जाताना आधार, पॅन, पासबुकाची छापील प्रत आणि जुन्या कारखान्याची जी असेल ती चिठ्ठी बरोबर न्या.