टिळकवाडीतला रविवारचा ब्रिज वर्ग: पाच महिने जाऊन आल्यावर

खानापूरहून रविवारी सकाळची बस पकडून बेळगावला टिळकवाडीत पत्ते शिकायला जाते म्हटल्यावर आमच्या जाऊबाई हसल्या. हसू देत. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळत मी मोठी झाले. ब्रिज म्हणजे त्याचंच साहेबी सोंग असेल असं वाटलेलं. तसं नाही.

दुसऱ्या रेल्वे गेटपासून पाच मिनिटं चाललं की पिठाची गिरणी, तिच्या माडीवर वर्ग. टेबलं तीन, फी महिन्याला 600 रुपये, चहा त्यातच. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले, मराठीत मध्येच कानडी मिसळणारे. सगळे त्यांना साहेब म्हणतात.

साहेबांचा नियम असा की उतारी झाली, डमीची (बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराची) तेरा पानं टेबलावर उघडी आली की डिक्लेररनं, म्हणजे दोन्हीकडची पानं खेळणाऱ्यानं, दोन्ही हात टेबलाखाली घ्यायचे. मिनिटभर पानाला बोट लावायचं नाही. (हात करायला हात लपवायचे, ही गंमत मला उशिरा कळली.) पहिला महिनाभर मला हा छळच वाटला.

मग तो जूनमधला डाव. मी तीन नो ट्रंप बोललेली, म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात हवेत. डावीकडून इस्पिकचा राजा आला. डमीत इस्पिकची दोनच बारकी पानं, माझ्याकडे एक्का, सत्ती, तिर्री. मी पटकन एक्का मारला.

"अहो बाई, घाई कुठं करूलालाय?" साहेब म्हणाले, पण पान पडलं होतं. डमीत चौकटचे एक्का, गुलाम, दश्शी, नव्वी आणि एक बारकं पान, म्हणून राजा डावीकडं असेल या आशेनं मी हातातली राणी खेळून डमीतला एक्का राखला, म्हणजे फिनेस केला. राजा निघाला उजवीकडं. त्यांनी इस्पिक परत खेळलं आणि डावीकडच्या काकांनी त्याचे चार हात ओढले. एका हातानं बुडाले.

साहेबांनी तीच पानं पुन्हा मांडली. "आता मोजा." इस्पिकचा एक, बदामचे एक्का-राजा-राणी तीन, किलवरचे दोन, चौकटचा एक. सात झाले, दोन कमी. चौकट राजा गेला तरी चार हात देते. म्हणजे भीती चौकटच्या राजाची नव्हेच, तो घेणाऱ्याकडं उरलेल्या इस्पिकची! बाहेर, म्हणजे विरुद्ध जोडीकडं, इस्पिकची आठ पानं. पहिले दोन हात सोडून तिसऱ्याला एक्का घ्यायचा. पानं पाच-तीन असतील तर उजवीकडच्याकडं इस्पिक उरत नाही. चार-चार असतील तर आणखी एकच हात जातो, नऊ तरी होतातच. घरी येऊन मी हे कणीक मळता मळता दोनदा मनात खेळले.

सहा पानं बाहेर असली की तीन-तीनच वाटली जाणार, असं मी बिनधास्त धरायची. तसं होतं शंभरात 36 वेळा, चार-दोन 48 वेळा. हे आकडे फळ्यावर कायम लिहिलेले असतात.

तक्रारी आहेत. बोली फार उरकतात; जोडीदार काय सांगतोय ते आम्हाला अजून धड कळत नाही. दहाची वेळ म्हणतात, पण साडेदहाशिवाय चौथा माणूस येत नाही. आणि पत्त्यांचे जोड इतके झिजलेत की किलवरची राणी कोपऱ्यावरून आम्ही पाठीमागूनच ओळखतो.

तरी मी जाणार. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र माडीचा जिना आधी बघून घ्यावा, फार उभा आहे.