ॲपला साडेतीन स्टार, सीड्यांच्या खोक्याला साडेचार

पाच वर्षं झाली गाण्याच्या ॲपला पैसे भरतोय. कुठलं ते सांगत नाही, दोन-तीन बदलून झाली आणि रडगाणं सगळीकडे तेच.

आधी चांगलं सांगतो. पैशाच्या हिशोबात ॲपला तोड नाही. स्पॉटिफाय 2019 ला आपल्याकडे आलं तेव्हा महिन्याला 119 रुपये होते म्हणजे वर्षाचे 1428, तेवढ्यात चार-पाच सीड्या आल्या असत्या आणि त्यातल्या दोन घरी आणून लावल्यावर पस्तावलो असतो. इथे भाची सांगते ते कुठलंतरी कोरियन गाणं लावायचं, अर्ध्या मिनिटात नको वाटलं की पुढे. भांडी घासताना, ट्रॅफिकमध्ये, एकदम बेस्ट.

पण शास्त्रीय ऐकणाऱ्यांनो जरा थांबा. एकाच रागाचा विलंबित (संथ) भाग एक ट्रॅक, द्रुत (जलद) दुसरा ट्रॅक, आणि शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) चालू राहिलेलं असलं (असतंच) की मारवा अंगात भिनायला लागतो न लागतो तोच धाडकन डीजे रिमिक्स!! तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कुठली, कधीची, काही पत्ता नाही. सीडीच्या आतल्या कागदावर हे सगळं असायचं, साथीदारांची निम्मी नावं मला त्या कागदांमुळेच माहीत झाली.

दुसरं म्हणजे गाणी गायब होतात. माझ्या लिस्टमधली अकरा गाणी एका सकाळी करडी पडली, दाबलं तरी ढिम्म. आणि हे फक्त माझंच नाही, सारेगामाची गाणी एप्रिल 2019 मध्ये स्पॉटिफायवरून उतरली ती 2020 ला करार झाल्यावर परत आली, म्हणजे जुन्या एचएमव्हीचा सगळा खजिना वर्षभर बंद. 2023 ला झी म्युझिकची गेली. एअरटेलचं विंक तर आख्खं ॲपच बंद झालं. ऑफलाइन डाऊनलोड केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, स्पॉटिफायला 30 दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावंच लागतं.

याउलट फ्लिपकार्टचं गाणी विकणारं ऑनलाइन दुकान, फ्लाईट, आठवतंय का कुणाला? 2012 ला सुरू, 2013 ला बंद. पण एमपीथ्रीला कुलूप नव्हतं, त्यामुळे दुकान गेलं तरी तेव्हा घेतलेली गाणी आजही माझ्या पेनड्राइव्हवर वाजतायत.

आता विकत घ्यायचं तर कुठून, हा खरा वैताग. मुंबईतलं काळा घोड्याचं सीड्यांचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, 2016 लाच बंद झालं. बॅंडकॅम्प या साईटवर फ्लॅक फाइल (सीडीइतक्याच दर्जाची) विकत मिळते पण आपल्या आवडीचं जुनं तिथे फार नाही. शेवटी मी बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह आणला आणि घरातल्या 140 सीड्या फ्लॅकमध्ये उतरवल्या, एकेक साधारण 300 एमबी, सगळं मिळून 42 जीबीच्या आसपास, 64 च्या कार्डात आरामात बसलं. दोन महिने रविवार गेले, बायको म्हणाली ऐकणार कधी. पण घाटात नेटवर्क गेलं तरी किशोरीताई थांबत नाहीत, हे एक झालं.

ॲप बंद नाही केलं हां, नवीन शोधायला तेच लागतं. तीनदा ऐकावंसं वाटलं की मग सीडी शोधायला लागतो.

बाबांच्या कॅसेटींचं मात्र अडलंय. प्लेयर चालू आहे पण बेल्ट ढिला झालाय, पुण्यात अजून कोणी बदलून देतं का?