बुबुळरोपणानंतर रिजेक्शन: थेंब की गोळ्या?

बुबुळाचं (कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं) रोपण झालेला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं, तर सोलापूरच्या उन्हाधुळीवर ढकलू नका. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून यावं लागलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

शरीर नवं बुबुळ नाकारतंय, म्हणजे रिजेक्शन होतंय असं दिसलं, तर पहिला उपाय बहुधा स्टेरॉइडचे थेंब: १ टक्का प्रेडनिसोलोन ॲसिटेट, सुरुवातीला अनेकदा जागेपणी दर तासाला. औषध थेट डोळ्यात पोचतं, म्हणून मला हेच आधी पटतं. बाटली मात्र नीट हलवा, औषध तळाशी बसतं. या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो; तपासणी चुकवू नका.

गोळ्या किंवा शिरेतून स्टेरॉइड गंभीर रिजेक्शनमध्ये, तेही थेंबांच्या जोडीला. त्यांनी साखर चढते. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

बरं वाटलं म्हणून थेंब स्वतःहून थांबवू नका. ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात.